बहिणीसाठी मागवलेला पेपर

सरकारी हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, त्वचारोगाच्या ओपीडीवरून जिना चढून गेलं की ग्रंथालय लागायचं. ग्रंथालय म्हणजे काय, तर एक लांबट खोली, बारा कपाटं, त्यातली चार न उघडणारी, दोन कम्प्युटर आणि पेपरमामा.

पेपरमामा हे नाव शिकाऊ डॉक्टरांनी ठेवलेलं. डॉक्टरांच्या तोंडी पेपर म्हणजे संशोधनाचा लेख. कुठल्या आजारावर जगात कुणी काय करून बघितलं, काय चाललं, काय फसलं, ते त्यात लिहिलेलं असतं. असा पेपर हवा असला की मामांकडे जायचं. मामांच्या आईला यातलं काही कळत नसे. ती शेजारणींना अभिमानानं सांगायची की माझा मुलगा हॉस्पिटलात पेपर देतो. शेजारणींना वाटायचं, वॉर्डावॉर्डात वर्तमानपत्रं टाकतो बिचारा. एकीनं तर रद्दी कितीला देता म्हणून विचारलंही होतं.

मामा मुळात औषध भांडारातले कारकून. पुढे पाठीचं दुखणं निघालं, खोकी उचलवेनात, तेव्हा साहेबांनी त्यांना ग्रंथालयात टाकलं. लोक 'टाकलं' असंच म्हणायचे, अडगळ टाकतात तसं. पहिलं वर्षभर मामांनी कपाटं पुसली. मग एकदा कुठल्याशा आरोग्यसंस्थेच्या एक बाई दोन दिवसांची शिकवणी घ्यायला आल्या. गरीब देशांतल्या हॉस्पिटलांना इंटरनेटवर काय काय फुकट वाचायला मिळतं, हा विषय. बारा डॉक्टरांनी नावं दिली होती. चहानंतर चार उरले आणि दुसऱ्या दिवशी कुणीच फिरकलं नाही. बाईंनी रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं, मग कपाट पुसणाऱ्या मामांकडे बघितलं आणि म्हणाल्या, या, बसा, तुम्हालाच शिकवते.

दिवसभर त्या एकट्या मामांना शिकवत राहिल्या. जगातल्या बहुतेक पेपरांचा गोषवारा जिथे बघायला मिळतो ती मोठी सूची, पुरते पेपर जिथे मोकळे ठेवलेले असतात ते भांडार, कुलूप न लावणारी मासिकं, चालू असलेल्या औषध-चाचण्यांची नोंदवही. आणि शेवटी एक पासवर्ड. मोठमोठ्या प्रकाशकांची कुलूपबंद मासिकं गरीब देशांतल्या हॉस्पिटलांपुरती त्या पासवर्डानं उघडायची. बाईंचं एक वाक्य मामांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं: कम्प्युटरला प्रश्न कळत नाही, शब्द कळतात, एका आजाराची असतील नसतील तेवढी नावं घालून बघा.

मामांचं इंग्रजी शाळेपुरतं. शब्दकोश मांडीवर घेऊन ते बसत. पण चिकाटी अशी, की डॉक्टर ज्याच्यासाठी पाच मिनिटांत हात टेकायचे ते मामा संध्याकाळपर्यंत हुडकून काढायचे. लेख मात्र ते वाचत नसत. शोधायचा, छापायचा, टाचणी मारायची आणि द्यायचा. वाचणं हे डॉक्टरांचं काम, असं त्यांचं सरळ मत होतं.

घरी तिघं. मामा, आई आणि मामांची धाकटी बहीण. ती मामांपेक्षा चौदा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा ती अकराची होती. तिची वेणी घालण्यापासून शाळेच्या फाटकाशी उभं राहण्यापर्यंत सगळं मामांनी केलं. लग्नाचं त्यांच्या डोक्यात आलंच नाही. आलं तेव्हा वय निघून गेलं होतं. बहिणीला ते चिंगी म्हणत आणि ती नर्स होऊन छातीच्या वॉर्डात लागली, तरी चिंगीच म्हणत राहिले. वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना याची गंमत वाटायची. सगळ्या हॉस्पिटलची सिस्टर ती, पण खरी सिस्टर एकट्या पेपरमामांची, असं ते म्हणायचे.

चिंगी तिखट होती. डॉक्टर राउंडला काही बोलले आणि तिला पटलं नाही, की ती चिठ्ठीवर प्रश्न लिहून शिपायाबरोबर दादाकडे पाठवायची. एकदा नऊ वर्षांची एक मुलगी आली होती. तिचा टीबी नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नव्हता आणि दुसऱ्या गोळ्यांनी ती दिवसभर ओकायची. चिंगीनं चिठ्ठी पाठवली: 'लहान मुलांना ही गोळी कशातून दिली तर पोटात राहते?' मामांनी दोन दिवस घेतले. आपल्यासारख्याच एका देशातल्या नर्सांनी करून बघितलेला दोन पानी लेख सापडला. तसं करून बघितलं. मुलगी सात महिन्यांनी स्वतःच्या पायांनी घरी गेली. त्या दिवशी चिंगी जिना चढून वर आली, म्हणाली, "दादा, तुझा कागद चालला," आणि तशीच ड्यूटीवर पळाली. मामांना उभ्या नोकरीत कुणी दिलेलं ते एकमेव प्रशस्तिपत्रक.

पुढच्याच वर्षी ते पत्र आलं. कम्प्युटरवर. जगातल्या देशांची एक यादी असते, कोण किती गरीब याची. त्या यादीत आपला देश एक पायरी वर चढला होता. पत्रात आधी अभिनंदन केलेलं होतं. खाली लिहिलं होतं की त्यामुळे हा पासवर्ड महिनाअखेर बंद होईल, पुढे सवलतीच्या वर्गणीत चालू ठेवता येईल.

मामांनी पत्र शिपायाला वाचून दाखवलं. शिपाई निवृत्तीला आलेला, त्याच्या सदऱ्याची कोपरं विरलेली. तो म्हणाला, "म्हणजे आपण श्रीमंत झालो? मग घरी कळवायला नको का कुणीतरी?" दोघंही हसले. मामा अर्ज घेऊन अधीक्षकांकडे गेले. अधीक्षक माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, बघू. अर्ज वरच्या कचेरीत गेला आणि तिथे जे व्हायचं ते झालं, म्हणजे काहीच झालं नाही.

महिनाअखेर पासवर्ड बंद पडला. मामा हातपाय गाळून बसले नाहीत. उरलेल्या वाटा त्यांनी घट्ट धरल्या. मोकळी भांडारं धुंडाळली. लेखकांनी स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर ठेवलेल्या कच्च्या प्रती शोधल्या. काहीच मिळालं नाही, तर सरळ लेखकाला पत्र टाकायचे: मी अमुक हॉस्पिटलचा ग्रंथपाल, आपला लेख आमच्या एका पेशंटसाठी हवा आहे. दहातले सहा जण पाठवायचे. कुणी लगेच, कुणी महिन्यानं. डॉक्टरांचं फारसं अडलं नाही. वर्षभर असं निभलं.

मग चिंगीचं डोकं दुखायला लागलं.

तीन आठवडे ती गोळ्या घेऊन ड्यूटीला जात राहिली. उन्हाचं आहे, जागरणाचं आहे, चष्म्याचा नंबर वाढला असेल. दुसऱ्यांच्या बारीकसारीक तक्रारी टिपणारी ती पोरगी स्वतःच्या बाबतीत ठार आंधळी निघाली. एका सकाळी मामा दाढी करत होते. ती दारात येऊन उभी राहिली आणि साध्या आवाजात तिनं विचारलं, "दादा, बाबा कुठे गेले?"

वडिलांना जाऊन वीस वर्षं झाली होती. मामांनी वस्तरा ठेवला. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून त्यांनी रिक्षा आणली.

तिला तिच्याच वॉर्डात दाखल केलं. दारापासून तिसरी खाट. पाठीतून पाणी काढून तपासलं. टीबीच होता, मेंदूच्या आवरणाला झालेला, आणि त्यातही हट्टी, नेहमीच्या दोन्ही मुख्य औषधांना न जुमानणारा. वॉर्डातून लागला, यात कुणालाच शंका नव्हती. तिच्यासोबत काम करणाऱ्या नर्सा भिंतीला टेकून उभ्या होत्या. आज ही तर उद्या आपण, हे बोलून दाखवायची कुणाला गरज पडली नाही.

छातीच्या वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई एरवी शिपाई पाठवायच्या. त्या दिवशी स्वतः जिना चढून आल्या. खुर्ची ओढून मामांच्या शेजारी बसल्या आणि नीट समजावून सांगितलं. तिसरं एक औषध तिच्या जंतूंवर चालेल. पण गोळीतलं औषध मेंदूभोवतीच्या पाण्यापर्यंत फार थोडं पोचतं. डोस वाढवला तर पोचतं म्हणतात. पण किती वाढवायचा, कधी वाढवायचा आणि यकृताला ते सोसतं का, हे त्यांना हवं होतं. "अंदाजानं दिलं आणि वेगळंच काही झालं, तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही," त्या म्हणाल्या. "तेवढं शोधा, मामा."

मामांना अर्धा तास लागला. लेख होता. नेमका हाच प्रश्न, हेच औषध. गोषवारा आठ ओळींचा. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की वाढीव डोसानं काही रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण घटलं. त्याखाली कुलपाचं लहानसं चित्र.

काही रुग्णांत म्हणजे कुठल्या? किती डोस? डॉक्टरीणबाईंनी तो गोषवारा तीनदा वाचला. विकत घ्यायला म्हणून स्वतःचं कार्ड घातलं, ते परदेशी व्यवहाराला चाललं नाही. परदेशातल्या वर्गमैत्रिणीला विचारलं, तिच्याकडे ते मासिक येत नव्हतं. मामांनी सगळ्या मोकळ्या वाटा पालथ्या घातल्या. कच्ची प्रत कुठेही नव्हती. मग त्यांनी मुख्य लेखिकेला पत्र लिहिलं. दुसऱ्याच मिनिटाला उत्तर आलं. पण ते यंत्रानं धाडलेलं होतं: मी रजेवर आहे, परत आल्यावर उत्तर देईन. दुसऱ्या लेखकाचा पत्ता बदललेला होता, पत्र परत आलं. तिसऱ्यानं उत्तरच दिलं नाही.

मामा रोज पत्र लिहीत गेले. पहिल्या पत्रात त्यांनी नेहमीसारखं लिहिलं होतं, आमच्या एका पेशंटसाठी. तिसऱ्यात लिहिलं, पेशंट आमच्याच हॉस्पिटलातली नर्स आहे. पाचव्यात एवढंच लिहिलं: ती माझी बहीण आहे.

इकडे नेहमीच्या डोसावर उपचार चालू होते. डॉक्टरीणबाईंनी धीर करून थोडा वाढवला. यकृताचे आकडे बिघडले म्हणून तिसऱ्या दिवशी परत खाली आणला. चिंगी कधी ओळखायची, कधी नाही. एकदा तिनं मामांना पेशंट समजून विचारलं, आज गोळ्या घेतल्या का, आणि मामा म्हणाले, घेतल्या सिस्टर. आई खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसून असायची. मामा जिना उतरून आले की ती बघायची.

"आला का रे तो पेपर?"

"येईल, आई."

"कुठून यायचाय?"

"लांबून."

आई मान हलवायची. लांबून येणाऱ्या गोष्टीला वेळ लागतो, हे तिला पटण्यासारखं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास चिंगी गेली. राउंड चालू होता. तिच्या बरोबरीच्या नर्सनं पडदा ओढला, आणि बाकीच्या नर्सा गोळ्या वाटत पुढे गेल्या, कारण गोळ्यांची वेळ झाली होती. चिंगीनंही तेच केलं असतं.

त्यानंतर पाचव्या दिवशी मामा कामावर आले. घरी बसून करायचं काय, म्हणून आले. कम्प्युटर लावला तर पत्र येऊन पडलेलं. मुख्य लेखिकेचं. तिनं लिहिलं होतं की वडील अत्यवस्थ होते म्हणून ती रजेवर होती, कालच परतली, सगळी पत्रं एकदम बघितली, उशिराची फार खंत वाटते. लेख सोबत जोडला होता. खाली एक ओळ होती: तुमची बहीण आता कशी आहे?

उत्तर मामांनी बाजूला ठेवलं. त्यांनी लेख छापला, टाचणी मारली. पण हा द्यायचा कुणाला? मग, उभ्या नोकरीत पहिल्यांदाच, त्यांनी तो स्वतः वाचायला घेतला. शब्दकोश उघडून, एकेक ओळ लावत, चार दिवस. सव्वीस रुग्ण. त्यांतल्या लवकर आलेल्यांना वाढीव डोसाचा फायदा झालेला. उशिरा आलेल्यांना नाही. मधल्या अवस्थेतले नऊ जण, त्यांचं काही धड सांगता येत नव्हतं. चिंगी त्या नऊ जणांसारखी होती.

तो कागद घेऊन मामा डॉक्टरीणबाईंसमोर उभे राहिले.

"वेळेवर आला असता तर?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. दोन्ही बाजूंनी खोटं सोपं होतं. त्या म्हणाल्या, "माहीत नाही, मामा. नऊ माणसांवरून नाही सांगता येत. मी डोस दिला असता एवढं खरं. ती जगली असती का, ते मला माहीत नाही."

मामा म्हणाले, बरं. मग वर येऊन त्यांनी लेखिकेला लिहिलं: लेख मिळाला, आभारी आहे. माझी बहीण वारली. आपले वडील कसे आहेत? त्याचं उत्तर आलं. तेही बरं नव्हतं.

काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनीच विषय काढला. चिंगीच्या आजाराची हकिगत लिहून काढावी, कुलूप नसलेल्या मासिकात द्यावी, म्हणजे पुढच्या कुणाला नऊऐवजी दहा माणसं तरी मोजता येतील. मामांनी आईला विचारलं. आईनं एकच गोष्ट विचारली, त्यात तिचं नाव येईल का. पेशंटचं नाव छापत नाहीत, एकतीस वर्षांची परिचारिका एवढंच येईल, असं मामांनी सांगितलं. आई म्हणाली, "परिचारिका लिहितील ना? मग कळेल ज्याला कळायचं त्याला."

लिहायचं बाईंनी, शोधायचं मामांनी, असं ठरलं. लेखाच्या शेवटी एक परिच्छेद हवा होता: वॉर्डात काम करणाऱ्यांना हा आजार लागतो कसा आणि लागू नये म्हणून काय करता येतं. मामांनी शब्द घातले. नर्स, टीबी, वॉर्ड, हवा. सूचीनं भराभर नावं काढली. दुसऱ्याच नावापुढे कुलूप नव्हतं. पुरता लेख, मोकळा, कुणीही वाचावा. आपल्यासारख्याच एका देशातल्या जुन्या हॉस्पिटलांतली हवा लोकांनी मोजली होती. उंच छताच्या जुन्या वॉर्डांत नुसत्या खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, तरी जंतूंची हवा कितीतरी पटींनी वाहून जाते. यंत्र नको, औषध नको, खिडक्या उघडा.

मामांनी तारीख बघितली. लेख सात वर्षांपूर्वीचा होता. मोकळाच होता. पासवर्ड असतानाही, नसतानाही.

छातीच्या वॉर्डाला आठ उंच खिडक्या होत्या. कधीकाळी गारव्याचं यंत्र बसवलं तेव्हा त्या बंद करून वरून रंग मारलेला. यंत्र दीड वर्षात बिघडलं, काढून नेलं. खिडक्या उघडायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. चिंगीनं तिथे सहा वर्षं काढली. तिनं शंभर चिठ्ठ्या पाठवल्या असतील, सगळ्या पेशंटांसाठी. मला इथे काय होऊ शकतं, असं एकीतही विचारलं नव्हतं. आणि मामांनी तिच्यासाठी रानोमाळ एक कागद शोधला, पण ती धडधाकट होती तेव्हा तिच्यासाठी म्हणून एकदाही दोन शब्द घालून बघितले नव्हते. कुलपातल्या कागदाबद्दल निदान जगाला बोल लावता येत होता. याबद्दल कुणाला लावायचा?

त्या दिवशी दुपारी शिपायानं चहा आणला. तो तसाच गार झाला.

मामांनी लेखाच्या चार प्रती काढल्या आणि अधीक्षकांकडे गेले. अधीक्षकांनी पानं चाळली. म्हणाले, "खिडक्या उघडायला पेपर कशाला लागतो?"

"लागत नाही साहेब," मामा म्हणाले. "पण इतकी वर्षं कुणी उघडल्या नाहीत."

अधीक्षकांनी कागद पुढे ओढला. तिथल्या तिथे सही केली. सुताराला दोन दिवस लागले. रंगाचे थर पटाशीनं खरवडावे लागले, एक चौकट फुटली, बाहेरच्या बाजूनं कबुतरांची ढीगभर घाण निघाली. पेशंट कुरकुरले, वारा लागतो म्हणाले. नर्सांनी त्यांना चादरी वाढवून दिल्या. चिंगी गेल्यापासून मामा त्या वॉर्डात पाऊल टाकत नव्हते, लांबच्या जिन्यानं जात. त्या दिवशी ते दारात येऊन उभे राहिले. तिसऱ्या खाटेवर एक बाई पाठ करून झोपली होती. तिच्या उशाशी ठेवलेला तक्त्याचा कागद वाऱ्यानं फडफडत होता. एका नर्सनं येऊन त्यावर बाटली ठेवली.

घरी आईला त्यांनी सगळं सांगितलं. आई चिंगीचे गणवेश घडी घालत होती. ते तिनं कुणाला दिले नव्हते, महिन्यातून एकदा धुऊन परत घडी घालायची. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"मग आधी उघडल्या असत्या, तर ती आजारीच पडली नसती?"

माहीत नाही, असं सांगणं खरं ठरलं असतं. डॉक्टरीणबाई तसंच म्हणाल्या असत्या. मामांना ते म्हणवलं नाही.

"बहुतेक नसती पडली, आई."

आईनं घडी पुरी केली. दुसरा गणवेश उचलला.

चिंगीची हकिगत छापून आली ती डॉक्टरीणबाई दुसऱ्या गावी निघून गेल्यावर. मामा अजून ग्रंथालयात आहेत. मात्र हल्ली ते चिठ्ठीची वाट बघत नाहीत. दर सोमवारी सकाळी वही घेऊन खाली उतरतात आणि वॉर्डावॉर्डात नर्सांना विचारतात, तुम्हाला स्वतःला इथे कशाची भीती वाटते? सुरुवातीला सगळ्या हसण्यावारी न्यायच्या. म्हणायच्या, मामा, आम्हाला मेट्रनबाईंची भीती वाटते, त्यावर असेल काही पेपर तर बघा. मामाही हसायचे आणि पुढच्या वॉर्डात जायचे.

चौथ्या की पाचव्या सोमवारी भाजलेल्यांच्या वॉर्डातली एक नवी नर्स त्यांच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, तिला तिसरा महिना आहे, आणि ते जखमा धुवायचं औषध हाताळलेलं बाळाला चालतं का, हे कुणाला विचारावं ते कळत नाही. मामांनी औषधाचं नाव तिच्याकडून एकेक अक्षर करून लिहून घेतलं आणि जिना चढून गेले.